उपग्रहाला न दिसलेले आबा

आमच्या गल्लीतले विसराळू आबा सकाळपासून बेपत्ता होते. शोधून दमलेले आम्ही चहाच्या टपरीवर टेकलो, तर तिथल्या टीव्हीवर एक पंडित गरजत होता. म्हणे, नव्या उपग्रहाला शत्रूच्या सेनापतीच्या ताटातलं लोणचंसुद्धा दिसतं, आणि अणुबाँब तर पृथ्वी सात वेळा भाजून काढतील इतके आहेत. एकदा भाजल्यावर उरलेल्या सहा वेळा हे शहाणे कुणाला भाजणार, देव जाणे.

आबांची सून डोळे पुसत टीव्हीलाच म्हणाली, "मेल्या, लोणचं दिसतं, मग आमचे मामंजी दाखव की."

आमच्या मागच्याच बाकावर बशीतला चहा फुंकत बसलेले आबा म्हणाले, "अगं, इथंच आहे मी. त्याला नको सांगूस. तो ज्याला शोधतो, त्याला जाळतो."