ऊसतोडीच्या यादीला घातलेलं कुलूप

गुळाच्या कारखान्यात, शेतकी ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. कुणाचा ऊस कधी तोडायचा, त्या गावोगावच्या याद्यांच्या फाइली माझ्याकडं होत्या. ज्याची लागवड आधी, त्याची तोड आधी, एवढा साधा नियम. पण रोज कुणीतरी खुर्चीला खुर्ची लावून बसायचं आणि आपल्या पाव्हण्याची तारीख अलीकडं ओढायला सांगायचं. वैतागून मी एक दिवस प्रत्येक फाइलीला कॉम्प्युटरातच एक चिठ्ठी चिकटवली. ती एरवी दिसत नाही, कमांड दिली की शेवटचा बदल कुणी केला त्याचं नाव सांगते. मग ‘चॅटर’ नावाची कमांड देऊन फाइलींना कुलूप घातलं. आता यादी बदलता येईना की पुसता येईना. स्वतःवर मी लई खूश झालो.

येईल त्याला सांगायचो, “मशीनच ऐकत नाही.” कुलूप काढायची कमांडही मलाच येते, हे कुणाला सांगितलं नाही.

मग मावशी आली. सख्खी नव्हे, आईच्या गावची. भूमच्या एसटीनं आली होती, हातात उसाचा वाळका तुरा.

“लेका, पंचमीला लावलाय ऊस. तुरं आलं, आतून पोकळ व्हायलाय. शेजाऱ्यानं येळवशीला लावला, तरी त्येचा अन् माझा नंबर एकच कसा?”

आमच्याकडं लोक लागवड सणावरून सांगतात, तारीख आम्ही बसवतो. पंचमी म्हणजे श्रावणातली नागपंचमी, येळवशी म्हणजे त्यानंतर चार-पाच महिन्यांनी येणारी वेळ अमावस्या. मी तिच्या गावच्या फाइलीची चिठ्ठी वाचली. माझंच नाव. वरच्या ओळीतली शेजाऱ्याची येळवशीची तारीख घाईत तिच्यापुढंही टाकली गेली होती.

फाइल उघडली तर लोक म्हणणार, मावशीसाठी उघडली, आणि इतक्या दिवसांचं माझं खोटंही बाहेर पडणार. नाही उघडली तर माझ्या चुकीनं तिचा ऊस वाळणार. दोन दिवस मी तिला नुसतं “बघतो” म्हणत परत पाठवलं. त्याची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी ती दारात बसूनच राहिली. मी कमांड दिली, कुलूप काढलं, तारीख दुरुस्त केली. शेतकी साहेब मागं कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही.

“उघडतंय की,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यानं मी जास्तच घाबरलो. खिशातला कागद त्यांनी माझ्यापुढं ठेवला. त्याच गावची चार नावं होती.

“ह्यांची तारीख बी पंचमीच्या आधीची करा. घरच्या माणसाचं केलंत, तसंच.”

घरच्या माणसाचं नव्हतं, चुकीचं दुरुस्त केलं होतं. पण हे कुणाला पटणार होतं? मी चार तारखा टाकल्या.

“आता घाला कुलूप,” साहेब म्हणाले. मी घातलं.

गावाला तोडणीची टोळी एकच. चौघांचे फड संपवून ती मावशीच्या रानात शिरली, तेव्हा ऊन तापायला लागलं होतं आणि ऊस निम्मा वाळला होता. तरी मावशी धपाटे घेऊन आली.

“तुझ्यामुळं तुटला, लेका. तुझं मशीन लई इमानी हाय.”

ती गेल्यावर मी चिठ्ठी पुन्हा वाचली. शेवटचा बदल माझ्या नावावर होता. साहेबांचं नाव कुठंच नव्हतं.