उभ्यानं जपलेला सूट

बाबांचा लोकरी सूट अकोल्याच्या शिंप्यानं शिवला होता. तो टिकावा म्हणून बाबांनी एकच नेम धरला होता: सूट अंगावर असला की बसायचं नाही. बसलं की पँट गुडघ्यांशी फुगते आणि मग ती कामातून जाते, असं ते म्हणायचे. कुणाच्या लग्नाला अमरावतीला निघालो की एसटीत जागा रिकामी असली, तरी बाबा दांडा धरून उभे. एकदा मूर्तिजापूरला चढलेल्या म्हातारीनं आईच्या कानाशी लागून विचारलं, "मालकाले गळू झालं काय वं बाई?" आई अशी भडकली की अमरावती येईस्तोवर बाबांशी बोलली नाही. मी मात्र तोंड दाबून हसत होते.

माझ्या लग्नातही फोटोच्या वेळी बाबा उभेच. शेजारच्या खुर्चीवरून आई कडाडली, "अवो, पोरीच्या लग्नात तरी बसा माह्याजवळ!"

बाबा बसले. चांगले शेवटची पंगत उठेपर्यंत बसले, आणि पँट गुडघ्यांशी फुगलीच.

पुढं सुटाला वारा दाखवणं, ब्रश मारणं, इस्त्री करणं, सगळं आईच करायची. फक्त गुडघ्यांशी आली की इस्त्री उचलून घ्यायची.