दुधनीला पाठीवर पडलेला हात

आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कोणी विचारायला नको. मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. माहेर मालवणकडचं. आमच्याकडे दर दुसऱ्या वळणावर एखादी ‘जागा’ असतेच, आणि तिथून संध्याकाळी जाऊ नये असं सांगणारी एखादी मावशीही असते. मी मुद्दाम तिथूनच जायचे. कधी काही दिसलं नाही, की कधी भीतीही वाटली नाही. या सदरातले अनुभव मी आवडीने वाचते, पण वाचताना मनात एकच — बाई, तुला झोप लागली होती!

आता माझी पाळी आलीये. तुम्हीही तसंच म्हणा. माझी हरकत नाही.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. यांची नोकरी सिल्वासाच्या पाणीपुरवठा खात्यात, आणि मी तिथल्या मराठी माध्यमाच्या शाळेत. तेव्हाचं सिल्वासा म्हणजे एका बाजूला सागाची झाडं आणि दुसऱ्या बाजूला रोज नवी उभी राहणारी कंपनी. तिथे कारखान्याला सगळे कंपनीच म्हणतात. मला दमा तिथेच जडला. हवेने म्हणा, धुराने म्हणा. वर्गात एक धडा पूर्ण वाचायचा तर मध्ये दोनदा टेबल धरून उभं राहावं लागायचं. मुली बिचाऱ्या गप्प बसायच्या, आणि तीच शांतता मला नको वाटायची.

अशात कळलं की तिथल्या एका दवाखान्यात मुंबईचे डॉक्टर दम्याच्या नव्या औषधाची चाचणी घेणार आहेत. औषध नवं आणि ते ओढायचं यंत्रही नवं — मुठीएवढं, प्लॅस्टिकचं. त्यात कॅप्सूल ठेवायची, पिळायचं, की ती फुटते, आणि आतली पूड श्वासाबरोबर ओढायची. रोज सकाळ-संध्याकाळ. मी नाव घातलं.

चाचणीचं काम पाहणाऱ्या डॉ. कामत वयाने माझ्याहून लहानच. त्यांनी सगळं नीट समजावलं. निम्म्या लोकांच्या कॅप्सूलमध्ये खरं औषध, निम्म्यांच्या कॅप्सूलमध्ये नुसती दुधातली साखर. कोणाला काय मिळतंय ते आम्हालाही कळणार नाही, खुद्द त्यांनाही नाही. चाचणी संपल्यावर मुंबईहून सांगणार. “मध्येच जास्त त्रास झाला तर हा नेहमीचा निळा पंप आहेच, तो कायम जवळ ठेवायचा,” असं त्यांनी बजावलं.

तपासणीला शनिवारी यायचं. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी नेहमी एकच माणूस असायचा — यादव महाजन. अमळनेरजवळच्या एका खेड्यातला. मसाटला धाग्याच्या कंपनीत मशीनवर कामाला, राहायला नरोलीला, भाड्याच्या खोलीत. अंगात कंपनीचा निळा शर्ट आणि त्या शर्टाला कायम गरम तेलाचा वास — तिथे धाग्याला तेल लावतात, त्याचा. माणूस बोलका. मी त्यांना यादवभाऊ म्हणायचे, ते मला ताई.

“ताई, म्हणजे आपल्यातला एक जण फुकटच ओढून राहिला!” ते पहिल्याच शनिवारी म्हणाले.

“तुम्हाला काय वाटतं, कोण?”

“माझं तर खरं हाये. मला फरक पडला ना! कालची पूर्ण पाळी केली, एकदा बी बसलो नाही.” मग माझ्याकडे बघून जरा ओशाळून, “तुमचं बी खरंच असंल हो.”

मला मात्र माझी साखरच आहे याची खात्री होती, कारण सुरुवातीचे काही आठवडे मला कणभरही फरक नव्हता.

तपासणी म्हणजे मुख्यतः एका नळीत जोरात फुंकायचं. सुई सरकते, त्यावरून छाती किती मोकळी ते कळतं. यादवभाऊ तिला ‘फुंकणी’ म्हणायचे. “चुलीपुढची बाई झालो मी!” तीनदा फुंकायचं आणि त्यातली सगळ्यात चांगली फुंक धरायची, असा नियम. शिवाय दम लागला तर ओठ गोल करून हळूहळू श्वास सोडायचा, हेही डॉक्टरांनी शिकवलं होतं. यादवभाऊंनी त्याचंही नाव ठेवलं — ‘दूध गार करणं’. बशीतलं दूध फुंकून गार करतात ना, तसं. बाकावर बसून आम्ही दोघं दूध गार करायचो आणि सिस्टर हसायच्या.

त्यांच्यासाठी हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, ते मला नंतर कळलं. कंपनीतल्या सुपरवायझरने सांगितलं होतं, पुन्हा मशीनजवळ धापा टाकताना दिसलास तर गेटबाहेर. घरी बायको आणि दोन मुली. तेव्हा हे औषध लागू पडणं म्हणजे खोली, भाडं, मुलींची शाळा — सगळंच.

थंडी संपत आली तेव्हा आमच्या शाळेची सहल दुधनीला निघाली, मधुबन धरणाच्या पाण्याकाठी. वार शनिवारच. म्हणून मी डॉ. कामतांकडून तपासणीची वेळ सोमवारची मागून घेतली. यादवभाऊ एकटे जाणार होते.

सहल छान झाली... म्हणजे दुपारपर्यंत. जेवणं आटोपली होती. बसच्या एका चाकातली हवा उतरत होती म्हणून ड्रायव्हर ती हळूहळू खानवेलकडे घेऊन गेला होता. मुली सोबत आलेल्या गुजराती माध्यमाच्या शाळेतल्या एका बाईंबरोबर खाली पाण्याजवळ होत्या. मी वर एका झाडाखाली डबे आवरत होते. आणि वारा फिरला.

पलीकडच्या उतारावर कोणीतरी राब भाजत होतं. भाताच्या रोपांसाठी पाला-कवळ जाळतात ना, तो राब. त्याचा दाट पांढरा धूर सरळ माझ्यावर आला. मी तोंडाला पदर लावला, उठायला गेले, आणि छाती मिटली. दुसरा शब्द नाही. मिटली! पर्समध्ये हात घालायला गेले, तर पर्स कुठे? बसमध्ये, सीटवर. निळा पंप तिच्यात.

ज्यांना दमा नाही त्यांना हे सांगणं कठीण आहे. हवा आत येत नाही असं वाटतं, पण खरं म्हणजे आतली बाहेर जात नाही. हाक मारायलाही श्वास लागतो. मुलींचे हसण्याचे आवाज येत होते आणि मी तिथे हात टेकून ओणवी बसले होते. बोटांची नखं निळी पडलेली मला दिसली. मला आठवतंय, मी अगदी स्पष्ट विचार केला — मुलींनी हे बघायला नको.

तेव्हा पाठीवर हात पडला.

दोन्ही खांद्यांच्या मधोमध. तळवा खरबरीत, कोमट. आणि त्या धुरातही मला गरम तेलाचा वास आला. मागून कोणीतरी, अगदी घाई नसल्यासारखं, म्हणालं,

“आधी सोडा, ताई. ओढायचं नंतर पाहू. दूध गार करा... हां... अजून गार करा.”

मी ओठ गोल केले. तो हात पाठीवरून खाली सरकला तसा श्वास बाहेर गेला, वर आला तसा आत आला. पुन्हा. पुन्हा. मागे वळून बघावंसं वाटलं नाही. तेवढं त्राणच नव्हतं. केवळ त्या हाताच्या मागे मागे जात राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही. मग वारा पुन्हा पाण्याकडे वळला, धूर विरला आणि छातीतली शिट्टी हळूहळू बारीक झाली.

हात निघाला तेव्हा मी वळले. मागे झाडाचं खोड आणि आमचे डबे.

इथपर्यंत असतं तर मी हे लिहिलंच नसतं. प्राणवायू कमी पडला की मेंदू वाटेल ते दाखवतो, हे मीच वर्गात शिकवलंय. पण नयनाबेन — त्या गुजराती माध्यमाच्या बाई — खालून धावत वर आल्या. मला पाणी पाजलं, पदराने वारा घातला, आणि मग इकडेतिकडे बघत म्हणाल्या, “पेला भाई क्यां गया?” — तो माणूस कुठे गेला?

“कोण भाई?”

त्यांनी मोडक्या मराठीत सांगितलं. त्यांना खालून दिसलं होतं — मी ओणवी, आणि माझ्या मागे निळा शर्ट घातलेला एक माणूस उकिडवा बसून माझी पाठ चोळतोय. त्यांना वाटलं, ड्रायव्हरचा कोणी असेल. म्हणून चढ चढताना त्यांनी जरा दमही घेतला.

सोमवारी मी दवाखान्यात गेले. डॉ. कामत मला बघताच म्हणाल्या, “तुमच्या यादवभाऊंनी शनिवारी आम्हाला घाबरवलं हो!”

झालं ते असं. यादवभाऊ दुपारी आले, जेवणाची सुट्टी संपता संपता. पहिली फुंक उत्तम. दुसऱ्यांदा नळी तोंडाला लावली आणि सुई जवळजवळ हललीच नाही. चेहरा राखेसारखा झाला. डोळे उघडे, पण हाकेला ओ नाही. सिस्टर ऑक्सिजन आणायला धावल्या. मास्क लावेपर्यंत ते आपोआप भानावर आले, लाजल्यासारखे हसले आणि तिसरी फुंक पुन्हा पहिल्यासारखी मारली. डॉक्टरांनी यंत्र तपासून घेतलं. यंत्रात काही बिघाड नव्हता.

“मग त्या दुसऱ्या फुंकेचं काय?” मी विचारलं.

“काही नाही. तिन्हींतली चांगली तेवढी धरायची. दुसरी हिशेबात येतच नाही.” मग त्या हसल्या. “पण मजा सांगू? तेवढ्या वेळात ते सारखे पुटपुटत होते — दूध गार करा, दूध गार करा.”

मी खुर्ची पुढे ओढली. सगळं सांगितलं. डॉ. कामतांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं आणि त्यांनी तेच म्हटलं, जे मी म्हटलं असतं — अशा वेळी मेंदू ओळखीचा आवाज तयार करतो.

“माझ्या मेंदूचं कबूल,” मी म्हटलं. “पण नयनाबेनच्या मेंदूला काय झालं होतं? त्यांनी तर यादवभाऊंना कधी पाहिलेलंही नाही.”

“त्याचं मला नाही सांगता येणार,” त्या म्हणाल्या. या उत्तराबद्दल मला आजही त्यांचा आदर वाटतो.

पुढच्या शनिवारी यादवभाऊ बाकावर भेटले. माझं काही सांगण्याआधी मी त्यांनाच विचारलं, “त्या दिवशी काय झालं हो तुम्हाला?”

“काय माहीत, ताई. मी तर आठेच, या दवाखान्यातच, खुर्चीवर बसेल होतो. एकदम पाणी दिसलं. एवढं पाणी आमच्या बोरी नदीला पुरात बी नसतं. अन् धूर. अन् कोणीतरी बाई, पाठमोरी, हिरव्या साडीतली. तिला दम लागेल होता. मी म्हटलं, हिला शिकवू आपली युक्ती.”

सहलीला मी हिरवी साडी नेसले होते. हे मी डॉक्टरांनाही सांगितलेलं नव्हतं.

“तोंड दिसलं का तिचं?”

“नाही ना.” ते जरा जवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “डॉक्टरीणबाईंना हे नका सांगू हो, ताई. भास होतात म्हणून नाव काढून टाकतील माझं. मग औषध बंद. कंपनीतून बी जाईन मी.”

ती बाई मी होते, हे मी त्यांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “मग ठीक झालं. वाया नाही गेलं.” आणि आत हाक आली म्हणून उठून गेले. पुन्हा त्यांनी हा विषय काढला नाही. मीही नाही.

चाचणी संपली. मुंबईहून निकाल आला. खरं औषध मला मिळत होतं, आणि यादवभाऊंना सुरुवातीपासून शेवटपर्यंत साखर.

त्यांचा विश्वासच बसेना. “चुकलं असंल त्यांचं. मग मी पाळ्या कशा केल्या?” डॉ. कामतांनी समजावलं की असं होतं, औषध घेतोय या भरवशावर शरीर कधीकधी उभारी धरतं. काही महिने त्यांना खरं औषधही मिळालं, नियमाप्रमाणे. पुढे त्यांच्या कंपनीतली ती मशिनं बंद पडली आणि ते बायको-मुलींना घेऊन गावी गेले. जाताना घरी येऊन गेले. मी केलेले तिळाचे लाडू मुलींसाठी बांधून नेले.

त्यानंतर काही वर्षांनी त्यांची बायको सिल्वासाला आली, फंडाच्या कामासाठी. मुद्दाम शाळेत मला भेटायला आली. कपाळ मोकळं होतं. मला विचारावं लागलं नाही.

“दम्यानंच गेले, ताई. दुपारची वेळ होती. अंगणात खाटेवर बसेल होते. गावात डॉक्टर नाही, जीप येईपर्यंत झालं.” तिने दिवस सांगितला. शाळा सुटेपर्यंत ती माझ्याजवळ बसली, मग बसने वापीला गेली.

तो दिवस मला आठवायला वेळ लागला नाही. आमचं स्नेहसंमेलन होतं. मी किती आठवून पाहिलं म्हणून सांगू... कुठे काही जाणवलं का, क्षणभर तरी हात थबकला का, डोळ्यांपुढे एखादं अंगण, एखादी खाट आली का?

नाही. ज्यांना अशा गोष्टींतलं कळतं ते म्हणतात, दोन जीवांत दोर असतो. असेल. मग तो एकाच बाजूने ओढता येतो का? आणि दोर नसेलच, तर माझ्या पाठीवर हात कोणाचा होता? याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही आणि आता मी ते शोधतही नाही.

त्या दुपारी मी स्टेजवर होते. बक्षिसांची नावं पुकारत होते, एकामागून एक, तासभर. पोरी टाळ्या वाजवत होत्या. श्वास एकदाही अडखळला नाही.