पुजलेला पंखा

खंडेनवमीला आमच्याकडे तलवार पुजतात. तलवार एकच, तीही म्यानात अशी गंजून बसली आहे की ओढायच्या भानगडीत कोणी पडत नाही. पण खापरपणजोबा कधीकाळी लढाईवर गेले होते, त्यामुळे इकडे हिंदी मुलखात, माधवगंजातल्या आमच्या छोट्याशा घरात तिचा थाट अजून टिकून आहे. पुजलेल्या वस्तूला त्या दिवशी कामाला लावायचं नाही, हा नियम. सुरी पुजायची म्हणून भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवतात.

आमच्या लॅबचे सर आमच्यासारखेच, शिलेदारांचे वंशज. आयुष्य रसायनशास्त्रात गेलेलं, पण नवमीला तराजू, बर्नर, चंचुपात्रं, सगळ्यांना हळदकुंकू. मानाची जागा फ्यूम हूडची. म्हणजे विषारी वाफा ओढून छतावर सोडणारं काचेचं मोठं कपाट. त्याच्या दारावर आडवी झेंडूची माळ आणि पंख्याच्या बटणावर कुंकवाचं बोट. माझी ताई तिथं पीएचडी करत होती, मी एमएस्सीला होते. मला तो दिवस फार आवडायचा. खरं सांगायचं तर पेढे आवडायचे.

त्या वर्षी ताईच्या प्रयोगात ब्रोमीन घालायची वेळ नेमकी नवमीला आली. तिनं बनवलेला पदार्थ दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला नसता. हूड वापरू नकोस असं तिला कोणीही म्हटलं नव्हतं, सर तर घरी गेले होते. तिनंच माळेकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं आणि सगळं सामान उचलून खिडकीजवळच्या उघड्या टेबलावर मांडलं.

"आजचा दिवस राहू दे त्याला," म्हणाली. "थोडंसंच तर आहे."

जसं काही हूडचे पाय दुखत होते! पण तेव्हा मलाही ते बरोबरच वाटलं होतं. थेंब सोडायच्या नरसाळ्याची चावी अडकली, ताईनं जोर लावला, काच तडकली. ती वाकून बघत होती, तांबडा धूर सरळ तिच्या तोंडावर आला. मी दाराशी होते. तिथून धावत जाऊन तिला बाहेर ओढायला असा कितीसा वेळ लागला असेल? त्या वेळातून मी अजून बाहेर आलेले नाही.

डोळे सावरले, फुप्फुसंही सावरली. वास घ्यायची शक्ती मात्र गेली. परत येईलही, नाहीही, असं डॉक्टर म्हणाले.

मी पुढचं संशोधन सोडलं आणि कारखान्यांतल्या सुरक्षेचं शिकले. आता शहराबाहेरच्या एका रंगाच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. नवमीला कामगार मशीनना हार घालतात आणि मी धूर ओढणाऱ्या पंख्यांवर पहारा करते.

"मैडम, आज तो इनको भी छुट्टी दो," फोरमन म्हणतो.

"पूजा जी भर के करो. पंखा बंद किया तो सबको बाहर निकालूँगी."

माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते ठाऊक आहे. म्हणू देत. झेंडूची टोपली आत आली की मी मात्र बाहेर आवारात जाऊन उभी राहते.

अपघातानंतर घरी मी ताईच्या नाकाशी रोज काहीतरी धरायचे. हिंग, कापूर, कॉफी. "आला?" "नाही गं." आणि मग एका सकाळी ती म्हणाली, "आला! थोड़ा-थोड़ा." मी ढसाढसा रडले. त्यानंतर तिला कधी फोडणीचा वास यायचा, कधी उदबत्तीचा. मी विचारणं सोडलं आणि निवांत झोपू लागले.

यंदा नवमीला दुपारीच घरी आले. दार ढकललं आणि गॅसचा भपकारा आला. खिरीचं दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. ताई तलवारीपुढे मांडी घालून बसली होती, मांडीवर झेंडूचा हार, हातात काडेपेटी.

"ताई, काडी ओढू नको!"

तिच्या हातातून काडेपेटी पडली. मी शेगडी बंद केली, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या.

"काय झालं? पंखा लावू का?"

"बटणाला हात लावू नको!" ठिणगी उडाली असती. पंखा लावू नको असं मी आयुष्यात पहिल्यांदाच ओरडले असेन.

बाहेर पायरीवर बसलो. घाबरायचं सोडून मी चिडले. मला नीट घाबरताही येत नाही.

"तुला वास येतो ना?"

ती हारातल्या फुलाच्या पाकळ्या खुडत राहिली. "कधीच नाही आला."

"मग खोटं का बोललीस?"

"तू रोज विचारायचीस. पूछते टाइम अपना चेहरा देखा था कभी? मला बघवत नव्हतं गं."

तिनं उरलेलं फूल सवयीनं नाकाशी नेलं, मग माझ्यापुढे धरलं.

"झेंडूचा वास कसा असतो, सांग ना. मी विसरत चालले आहे."

मी फूल हुंगलं. अपघाताच्या दिवसापासून झेंडूत मला फक्त ब्रोमीनचा वास येतो, दुसरा कुठलाच येत नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"छान आहे," मी म्हणाले. "अगदी पहिल्यासारखा."