हातमोजा घातलेला माणूस

सयाजीगंजात संध्याकाळी पाणीपुरीची गाडी लावणाऱ्या त्या गृहस्थाचे नाव मी कधी विचारले नाही. ज्याच्यावर संशय आहे, त्याच्याशी सलगी करू नये, असे माझे मत आहे.

त्याच्या उजव्या हातात पारदर्शक हातमोजा असतो आणि त्याचा त्याला अभिमान आहे. त्याच हाताने तो पुरी फोडतो, बटाटा भरतो, मनगटापर्यंत पाण्यात बुडवतो. आणि त्याच हाताने मोबाइल उचलतो, कान खाजवतो, कळकट फडक्याने गाडी पुसतो. समोरच्या बसथांब्यावरून हे मी अनेकदा पाहिले आहे.

परवा माझी नात हट्टाने मला तिथे घेऊन गेली. ती नुकतीच काविळीतून उठली आहे.

"हात केव्हा धुतलेत?" मी विचारले.

"काका, ग्लव्ज छे ने. हे आल्यापासून एकदम निरांत. हात धुवायची कटकटच गेली." तो गुजराती मिसळलेल्या मराठीत म्हणाला.

तो खोटे बोलत नव्हता, हेच मला भयंकर वाटले. मी नातीच्या हातातला द्रोण काढून घेतला. ती रडू लागली.

"काका वकील आहेत का?" त्याने शेजारी पुरी खात उभ्या असलेल्या बाईंना विचारले. बाई हसल्या.

घरी येताच मी महापालिकेला पत्र लिहिले. त्यात दंडाची मागणी केली नाही, हे माझ्या स्वभावाला जड गेले. गाडीजवळ वाहता नळ आणि साबण असावा, आणि मोजा म्हणजे धुतलेला हात नव्हे हे त्याला कोणीतरी समजावून सांगावे, एवढेच मागितले.

नात अजून माझ्याशी बोलत नाही. तिचे डोळे पुन्हा पिवळे झालेले पाहण्यापेक्षा तिचा अबोला मला परवडेल.