विहिरीत बुडवलेला पुरावा

त्या विहिरीतून वर आलेलं लोखंड आजही डोळ्यांपुढून हलत नाही. लढाईमुळे लोखंड मिळेनासं झालं होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी श्रीगोंद्याला फौजदार होतो.

एका बागाईतदाराच्या गुऱ्हाळावर ऊस घालणाऱ्या गड्याचा उजवा हात चरकात जाऊन कोपरापासून तुटला. ठाण्यात नोंद झाली 'अपघात'. गड्याने भरपाईचा दावा लावला. त्याचं म्हणणं, लाट, म्हणजे ऊस पिळणारा लोखंडी रूळ, तडकलेली होती. ऊस अडकला की मालक हाताने रेटायला लावायचा. मालकाने कोर्टाला नवीकोरी लाट दाखवली आणि गडी प्यायलेला होता असं सांगितलं. दावा फेटाळला गेला. गडी नगरच्या जिल्हा कोर्टात अपिलात गेला.

उन्हाळ्यात त्याच गुऱ्हाळावरून हाकललेला गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा, ठाण्यात आला. आधी पाणी प्याला, मग पान मागितलं, मग बोलला.

"जुनी लाट वस्तीच्या हिरीत हाय, साहेब. मालकानं मलाच सोडाया लावली. गावातलं कोन त्या हिरीत वाकून बघनार?"

वस्ती गावकुसाबाहेरची. गडी तिथलाच. पंच घेऊन गेलो, लाट वर काढली. वीतभर तडा होता. मालकाला बोलावलं.

"ही माझी न्हाई," तो म्हणाला.

"उत्तम. बेवारस माल लिलावात काढतो. तुमचे चुलतभाऊ आत्ताच विचारून गेले."

कोणीही आलं नव्हतं. मालकाने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"तसं कसं, साहेब? लोखंड हाय. माझीच लाट हाय ती."

जबाब लिहून घेताना मला मनातून उकळ्या फुटत होत्या. नाटकाचा पडदा पडला, असंच वाटलं.

अपिलात नवा पुरावा घ्यायचा, तर तो आधी ठाऊक नव्हता हे पटवावं लागतं. वकिलाने गड्याला ते दहादा बजावलं होतं. न्यायाधीशांनी नेमकं तेच विचारलं.

"लाट विहिरीत आहे हे तुला कधी कळलं?"

"पयल्याच आठवड्यात. बायकूनं गुळव्याला टाकताना बघितलं हुतं."

वकिलाने कपाळाला हात लावला.

"मग खालच्या कोर्टात का सांगितलं नाहीस?"

"आमची येकच हीर हाय, साहेब. रगताचं लोखंड हाय म्हनलं असतं, तर वस्तीनं पानी कुठलं प्यालं असतं? दुसऱ्या हिरीवर आमाला चढू देत न्हाईत. आमी दोघं मुकाट पीत हुतो."

न्यायाधीशांनी त्याचं उत्तर नोंदवून घेतलं. मग त्यांनी कायद्याप्रमाणे केलं. माहीत असून दडवलेला पुरावा घेता येत नाही. अपील फेटाळलं. लाट ज्याची त्याला परत गेली. ती कोणाची, याचा जबाब मीच घेतला होता.

पुढे त्या बाजूला गेलो, तेव्हा वस्तीतल्या बाया पिण्याच्या पाण्यासाठी नदीच्या वाळूत झिरे खोदताना दिसल्या. पंचनाम्यानंतर त्या विहिरीचं पाणी कोणी तोंडाला लावलं नव्हतं. गडी एका हाताने वाळू उपसत होता.

"रामराम, साहेब," तो म्हणाला, आणि पुन्हा वाकला.

तेव्हापासून साक्षीदाराला 'काय पाहिलंस' हे विचारण्याआधी मी एक प्रश्न विचारू लागलो: सांगितलंस तर तुझं काय जाईल?