कुणी काय बदललं?

आमच्या रक्तपेढीचा सर्व्हर दुपारी बंद पडला, तेव्हा तो दुरुस्तीला आला. दुधनीकडचा, बोलण्यात कानडी हेल. नाव विचारायचं राहूनच गेलं.

सांगोल्याच्या एका बाळंतिणीला दुर्मीळ गटाचं रक्त हवं होतं आणि रक्तदात्यांची यादी उघडत नव्हती. त्यानं कशालाच हात न लावता आधी विचारलं, "सकाळपासनं कुणी काय बदललंय का?"

सगळे गप्प. मीही. नवा प्रिंटर जोडताना सर्व्हरचा नेटवर्क पत्ता मीच बदलला होता.

तो एकेक वायर तपासून वहीत लिहीत गेला. तास गेला. मग मान वर न करता म्हणाला, "मी बी एकदा असंच लपवलं होतं, एका दवाखान्यात. चूक सापडली, पण पेशंट तवर थांबला न्हाय."

"पत्ता मी बदलला," माझ्या तोंडून निघालं.

"बरं झालं सांगितलं की, ताई." आहे त्या सेटिंगची त्यानं प्रत ठेवली, मग जुना पत्ता घातला. यादी उघडली. जुळे सोलापुरातला एक रक्तदाता धावत आला. बाई धोक्याबाहेर असल्याचा फोन येईपर्यंत हा दुरुस्तीवाला बसून राहिला.

मग त्यानं कामाचा कागद सहीला दिला. त्यात लिहिलं होतं, 'संबंधितांनी लगेच सांगितल्यामुळे दुरुस्ती झाली.'

'लगेच' खोडून मी 'तासाभरानं' लिहिलं आणि सही केली.

त्यानं ते वाचलं. पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ पाहिलं आणि म्हणाला, "मला हे जमलं नव्हतं."